'सिकल पॉझिटिव्ह' म्हणजे नेमकं काय? एका दवाखान्याची नोंद दुसऱ्याला कळायला काय लागतं

सिकल सेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार. समजा, गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात सात वर्षांच्या मुलीच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची पहिली, साधी चाचणी केली. नळीतलं द्रावण गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनात. आरोग्यसेविकेने वहीत लिहिलं, 'सिकल पॉझिटिव्ह'. संध्याकाळी रेंज मिळाल्यावर तेच दोन शब्द मोबाइलवरून पोर्टलवरही गेले.

दोन वर्षांनी ही मुलगी अंगदुखी आणि तापाने फणफणत ग्रामीण रुग्णालयात येते. तिथून जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर नागपूरचं मेडिकल. प्रत्येक ठिकाणी संगणक आहे, ऑपरेटर आहे, नोंदही होते. तरी बापाला विचारलं जातं, "आधीचे कागद कुठं आहेत?" आणि तो सांगतो, "फाइल घरीच रायली, साहेब."

उपकेंद्राची नोंद जशीच्या तशी नागपूरच्या डॉक्टरच्या पडद्यावर आली असती, तर अडचण सुटली असती का? नाही. कारण सोल्युबिलिटी टेस्ट एवढंच सांगते की रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मूल वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. वाहक, म्हणजे एएस, सहसा धडधाकट असतो. रुग्ण, म्हणजे एसएस, याला जन्मभर औषधपाणी लागतं. हा फरक हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांत, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एचपीएलसी मशीनवर कळतो. 'सिकल पॉझिटिव्ह' या दोन शब्दांत दोन्ही मावतात. नोंद कितीही वेगाने पोहोचली, तरी पोहोचली ती संदिग्धताच.

आरोग्याची माहिती एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत नेण्याची खरी अडचण इथे आहे. तारा, टॉवर, इंटरनेट हा भाग तुलनेने सोपा. दोन्ही टोकांना एका शब्दाचा एकच अर्थ लागणं अवघड. पूर्वी पायलीचं माप गावोगाव वेगळं असायचं. 'दहा पायल्या धान' हा निरोप शेजारच्या गावात तंतोतंत पोहोचायचा, पण धान किती ते कळायचं नाही. तसंच हे.

तपासणी वेगळी, निदान वेगळं

पहिला नियम हा, की जे पाहिलं ते एका रकान्यात आणि त्यावरून जे ठरवलं ते दुसऱ्या रकान्यात. 'सोल्युबिलिटी टेस्ट: पॉझिटिव्ह' हे पाहिलेलं. 'सिकल सेल वाहक' हे ठरवलेलं, आणि ते ठरवायला पुढची तपासणी लागते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'सिकल: हो / नाही' असा एकच रकाना आहे, त्यात वाहक रुग्ण होऊन बसतात आणि रुग्ण वाहकांच्या गर्दीत हरवतात. उपचार चुकतात, आणि लग्नाच्या बोलणीत उगाच घोळ होतो तो वेगळाच.

निदानासाठी जगभर चालणारी यादी आहे, आयसीडी. ती जागतिक आरोग्य संघटनेची. तिच्या दहाव्या आवृत्तीत सिकलचा गट डी ५७. त्यात डी ५७.३ म्हणजे वाहक. डी ५७.१ म्हणजे रुग्ण, पण सध्या वेदनेचा झटका नाही. डी ५७.० म्हणजे झटका आलेला रुग्ण. डी ५७.२ मध्ये एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियासारखा दोष आलेले रुग्ण येतात. ते वाहक समजून सोडून द्यायचे नसतात. नोंदीबरोबर हा कोड गेला, तर समोरचं सॉफ्टवेअर मराठीत असो, इंग्रजीत असो की सिरोंच्यापलीकडे तेलुगूत, अर्थ बदलत नाही.

आयसीडी मुळात मोजणीसाठी आहे. किती रुग्ण, कशाने दगावले, वगैरे. डॉक्टरला लिहायचा बारकावा तिच्यात मावत नाही. त्यासाठी स्नोमेड सीटी ही बरीच मोठी शब्दसंपदा आहे. तिच्यात आजार, लक्षणं, शस्त्रक्रिया, शरीराचे भाग यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि कोणती गोष्ट कशाचा प्रकार, हे नातंही नोंदवलेलं आहे. भारत २०१४पासून तिचा सदस्य देश आहे, त्यामुळे देशात ती वापरायला पैसे पडत नाहीत. यातलं काहीही डॉक्टरने पाठ करायचं नसतं. त्याने ओळखीचा शब्द निवडायचा, क्रमांक मागच्या मागे लागायला हवा. डॉक्टरला कोड टाइप करायला लावणारं सॉफ्टवेअर सरळ परत पाठवावं.

तपासण्यांसाठी तिसरी यादी, लॉइंक. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रिजनस्ट्रीफ संस्थेने ती १९९४मध्ये सुरू केली. 'शुगर' या एका शब्दाचं काय होतं ते पाहा. उपाशीपोटी, जेवणानंतर, कधीही घेतलेली, शिरेतून काढून मशीनवर तपासलेली, बोटाला टोचून पट्टीवर पाहिलेली, सगळ्यांना आपल्याकडे शुगरच म्हणतात. लॉइंक प्रत्येक तपासणीला सहा प्रश्न विचारतं: काय मोजलं, कोणत्या स्वरूपात, एका क्षणी की काही तासांत, कशात, उत्तर आकड्यात की शब्दात, आणि गरज असेल तर कोणत्या पद्धतीने. त्यावरून क्रमांक ठरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ७१८-७. रक्तद्रवातली उपाशीपोटीची शुगर १५५८-६. क्रिएटिनिन २१६०-०.

ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये रोजच्या तपासण्या मोजक्याच असतात. लॅब टेक्निशियन आणि एक डॉक्टर दोन-तीन दुपारी एकत्र बसले, तर पूर्ण यादीला कोड लागतात. हे काम नागपूर-पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यावर सोडू नये. 'एचबी' (हिमोग्लोबिन) लिहिलेली तपासणी साहलीच्या नळीने डोळ्यांनी रंग जुळवून होते की सेल काउंटर मशीनवर, हे त्याला तिकडे बसून कळणार नाही.

एककाशिवाय आकडा नको

'हिमोग्लोबिन ७२' आणि 'हिमोग्लोबिन ७.२' हा एकाच बाईचा एकच अहवाल असू शकतो. पहिला ग्रॅम प्रति लिटर, दुसरा ग्रॅम प्रति डेसीलिटर. नव्या मशीनचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच ठेवलं की हे होतं. गर्भवतीचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय आणि ७च्या खाली तीव्र रक्तक्षय. 'अकरापेक्षा कमी असेल तर लाल खूण दाखव' असा नियम सॉफ्टवेअरमध्ये असेल आणि त्याला ७२ पोहोचले, तर लाल खूण उमटत नाही. बाई घरी जाते.

शुगरचं मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरचं माप १८ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर मिळतं. क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. हे रूपांतर संगणकाने करायला हरकत नाही, पण मूळ आकडा आणि मूळ एकक पुसायचं नाही. एककं लिहायची ठरलेली पद्धतही आहे, तिला यूकम म्हणतात. ग्रॅमला कोणी 'ग्रा.', कोणी 'जीएम' लिहिलं, तर माणसाला कळतं, संगणकाला नाही. नवजात बाळाचं वजन २.४ की २४००? रकान्याशेजारी 'किलो' छापलेलं असलं तरी घाईत ग्रॅम भरले जातात. म्हणून अशक्य आकडा दिसला की तिथल्या तिथे अडवणारी मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये हवी. फक्त ती फार कडक ठेवली तर लोक खोटा पण चालणारा आकडा भरून पुढे जातात. त्यामुळे 'खात्री आहे का?' एवढं विचारून पुढे जाऊ द्यावं.

माणूस तोच का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि बैठकांत यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

आपल्याकडे नाव लिहायची पद्धत आडनाव आधी: 'मडावी सुनीता रामजी'. सॉफ्टवेअरला हवं पहिलं नाव आणि शेवटचं नाव. ऑपरेटर सुचेल तसं भरतो. लग्न झालं की मधलं नाव बदलतं, बहुतेकदा आडनावही. रोमन लिपीत 'आत्राम'ची सुरुवात एका 'ए'ने करायची की दोन, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून. गर्भवती म्हणून माहेरच्या उपकेंद्रात झालेली नोंद आणि सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोंद या संगणकाच्या लेखी दोन बायका.

जन्मतारीख विचारावी तर ती अनेकांना ठाऊक नसते. शाळेच्या दाखल्यावर १ जून असतो, ऑपरेटर १ जानेवारी टाकतो. वास्तविक नव्या प्रमाणपद्धतीत, म्हणजे पुढे येणाऱ्या 'फायर'मध्ये, नुसतं जन्मवर्ष लिहिता येतं. पण पडद्यावरचा फॉर्म पूर्ण तारीख मागतो आणि पुढे जाऊ देत नाही, म्हणून खोटी तारीख जन्माला येते. एकदा ती आली की खरी तारीख आणि अंदाजाची तारीख वेगळी करायचा मार्ग उरत नाही.

गावाचंही तसंच. खैरी, पिंपळगाव, वडगाव किती सापडतील! चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावांच्या नावांत चक, माल, तुकूम, गोंदियाकडे टोला, आणि जिथे वस्तीच नाही अशा रिठी. गावाचं नाव टाइप करू दिलं की एका गावाची पाच स्पेलिंग तयार होतात. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, महाराष्ट्राचा राज्य क्रमांक २७. गाव यादीतूनच निवडायचं आणि साठवायचा तो क्रमांक. टोल्यापाड्यांना स्वतंत्र क्रमांक नसेल, तर त्यांचं नाव शेजारच्या मोकळ्या रकान्यात.

माणूस ओळखण्याच्या या गोंधळावर उपाय म्हणून आभा, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य खाते क्रमांक आला. तो चौदा अंकी, आणि नोंदी जोडण्याच्या केंद्र सरकारच्या डिजिटल मिशनचा भाग. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ला. आभा काढणं ऐच्छिक आहे, आणि तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. व्यवहारातली अडचण मोबाइलची. घरात फोन एक, आणि तो पुण्याला कंपनीत गेलेल्या मुलाकडे. ओटीपी तिकडे जातो. रिचार्ज संपला की नंबर बंद पडतो, काही काळाने दुसऱ्याच कोणाला मिळतो. म्हणून मोबाइल नंबर ही संपर्काची खूण मानावी, ओळखीची कधीच नाही. एका नंबरवर घरातल्या अनेकांचे आभा असू शकतात. 'नंबर जुळला, माणूस जुळला' असं लिहिलेला प्रोग्राम सासूची गोळी सुनेच्या नावावर चढवतो.

आभा नसेल तेव्हा नाव, जन्मवर्ष, गावाचा क्रमांक आणि वडील किंवा नवऱ्याचं नाव ताडून 'हे दोघे एकच असावेत' अशी यादी संगणकाने काढावी. निर्णय माणसाने घ्यावा, शक्यतो त्या गावच्या आशाताईला विचारून. शंका असेल तर दोन्ही नोंदी वेगळ्याच राहू द्याव्यात. एका रुग्णाच्या दोन नोंदी असणं ही गैरसोय आहे. दोन रुग्णांची एक नोंद झाली, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याला लागतो. जोडतानाही जुनी नोंद पुसायची नाही. 'हिच्याऐवजी ती पाहा' असा दुवा ठेवायचा, म्हणजे चूक कळली तर सोडवता येते.

फायर म्हणजे काय

अर्थ ठरला, माणूस ठरला. आता पाकीट, म्हणजे माहिती कोणत्या साच्यात पाठवायची ते. वैद्यकीय माहिती पाठवण्याचे नियम ठरवणारी एचएल-सेव्हन ही संस्था १९८७पासून आहे. तिची जुनी पद्धत आजही लॅबमधल्या मशीन बोलतात: उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळी, कोणत्या रेघेनंतर काय हे ठरलेलं. नव्या पद्धतीचं नाव फायर, आणि भारतात तिची चौथी आवृत्ती वापरतात. तिच्यात माहितीचे छोटे ठोकळे असतात. रुग्ण हा एक ठोकळा, भेट दुसरा, निरीक्षण तिसरा, निदान चौथा, औषधाची चिठ्ठी पाचवा. प्रत्येक ठोकळा दुसऱ्याकडे बोट दाखवतो: हे निरीक्षण या रुग्णाचं, या भेटीतलं. कोणत्या कागदात कोणते ठोकळे हवेत, याचे भारतीय नमुने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय संसाधन केंद्र प्रसिद्ध करतं. ओपीडीची नोंद, चिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण यांचे नमुने त्यात आहेत.

निरीक्षणाच्या ठोकळ्यात काय तपासणी, किती, कोणतं एकक, कधी, कोणाची हे तर असतंच. शिवाय एक 'स्थिती' असते: प्राथमिक, अंतिम, दुरुस्त केलेला, चुकून भरलेला. हा रकाना बहुतेक जण डोळे झाकून 'अंतिम' ठेवतात. मग लॅबने दुपारी अहवाल दुरुस्त केला, तरी पुढच्या दवाखान्यात सकाळचाच फिरत राहतो.

एक पळवाट सगळ्यांना आवडते. कागदाचा फोटो काढायचा, पीडीएफ करायचं आणि तेच पाठवायचं. नियमात ते बसतं, त्यासाठी वेगळा नमुनाही आहे. जुने कागद चढवायला ते ठीक. पण फोटोतल्या ७.२वरून लाल खूण उमटत नाही. ज्या दवाखान्याच्या सगळ्या नोंदी फोटोच आहेत, तिथे माहिती पोहोचते, कामाला लागत नाही.

सिकलच्या अहवालात आणखी एक खाच आहे. रुग्णाला नुकतंच रक्त दिलेलं असेल, तर एचपीएलसीत दात्याचं हिमोग्लोबिनही दिसतं आणि टक्के चुकतात. एसएसचा अहवाल एएससारखा भासू शकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाची किंवा रक्त फार कमी असलेल्याची सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे टक्क्यांसोबत शेवटचं रक्त कधी दिलं, वय किती, हिमोग्लोबिन किती, हेही गेलं पाहिजे. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. एवढ्या नोंदींत हे दोन-तीन रकाने राहून गेले, तर नंतर घरोघर जाऊन ते भरणं कोणालाच जमणार नाही.

परवानगी

डिजिटल मिशनमध्ये सगळ्यांच्या फायली दिल्लीत गोळा होतात असा समज आहे, तो चूक. नोंद जिथे झाली त्याच दवाखान्याच्या यंत्रणेत राहते. दुसऱ्या डॉक्टरला हवी असेल तर तो विनंती पाठवतो: कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांचे, किती मुदतीसाठी. रुग्ण ॲपवर होकार देतो. मग नोंद कुलूपबंद होऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाते. होकार मागेही घेता येतो. कागदावर हे छानच आहे. ज्या घरात ॲपच नाही, तिथे होकार कोण देतो? बहुतेकदा काउंटरवरचा मुलगा ओटीपी विचारून सगळं उरकतो. निदान काय विचारलं जातंय हे त्याने मराठीत, आणि गरज तिथे माडिया-कोरकूत, सांगावं. सिकल, टीबी, एचआयव्हीच्या नोंदी छोट्या गावात फार लवकर पसरतात.

कामाला लागल्यावर जे बिघडतं

एक्सेलपासून सुरुवात करू. चौदा अंकी आभा क्रमांक साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याचं घातांकात रूपांतर करून दाखवतं. तीच शीट सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, म्हणून साठवली की शेवटचे अंक कायमचे गेले. शरीरातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीचा लॉइंक कोड १९८८-५. एक्सेल त्याला मे १९८८ समजतं. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मग माहिती चिकटवायची, उलट नाही. ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे त्या लॅपटॉपच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून देवाणघेवाणीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची.

सरकारी कार्यालयांत अजून कृतिदेव फॉन्टात मजकूर टाइप होतो. तो पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत साठतो रोमन अक्षरांचा गुंता. दुसऱ्या यंत्रणेत गेला की नाव वाचता येत नाही, शोधताही येत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, तिच्याशिवाय काहीही पुढे जाऊ देऊ नये, आणि जुन्या याद्या बदलून घेताना जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत.

लॅबच्या मशीनवर नमुना क्रमांक रोज सकाळी १पासून सुरू होतो. आजचा बारावा आणि कालचा बारावा संगणकात एकमेकांवर बसतात. क्रमांकात तारीख गुंफली, उदाहरणार्थ २४०७१५-०१२, की हा प्रश्न संपतो. नळीवर बारकोड लावता आला तर आणखी उत्तम.

भामरागड किंवा मेळघाटात दिवसभर नेटवर्क नसणं हे नेहमीचंच. अशा ठिकाणी नोंद आधी फोनवर किंवा लॅपटॉपवर साठली पाहिजे आणि तिथेच तिला जगात दुसरीकडे नसेल असा क्रमांक मिळाला पाहिजे. नाहीतर अर्धी गेलेली नोंद पुन्हा पाठवली की एका लसीच्या दोन लसी होतात. वेळा दोन हव्यात: घटना घडल्याची आणि माहिती चढल्याची. आणि लॅपटॉपचं घड्याळ पाहा. आतली छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते.

नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेता 'आम्ही डिजिटल मिशनशी जोडलेले आहोत' असं म्हणाला, तर कोणत्या टप्प्यापर्यंत ते विचारा. पहिल्या टप्प्यात फक्त आभा काढता आणि नोंदवता येतो. दुसऱ्यात आपल्या नोंदी इतरांना देता येतात. तिसऱ्यात इतरांच्या नोंदी आपल्याला पाहता येतात. पहिल्यावर थांबलेलं सॉफ्टवेअरही जोडलेलंच म्हणवलं जातं.

मग सरावाच्या यंत्रणेत एक खोटी रुग्ण तयार करायला सांगा. आडनाव आधी, जन्माचं फक्त वर्ष, गाव तुकूम, हिमोग्लोबिन ७२ ग्रॅम प्रति लिटर, एसएस, तीन आठवड्यांपूर्वी रक्त दिलेलं. ही नोंद दुसऱ्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मागवा आणि पडदा वाचा. वर्षाचा १ जानेवारी झाला नाही ना, ७२ला एकक आहे ना, वाहक लिहून आलं नाही ना, आणि रक्त दिल्याची तारीख तळाच्या टिपेत नव्हे तर स्वतःच्या रकान्यात आहे ना.